भोयर साहेबांनी समजावलेलं अंदमान

रिटायर माणसाजवळ किस्से साठतात, ते काही त्याचं आयुष्य फार रंगीत असतं म्हणून नाही. ऐकणारे पळून जातात, म्हणून साठतात! त्यातून तीन जोडपी, एक गाईड आणि एक बेट एवढं साहित्य एका ठिकाणी आलं, की मग विचारूच नका. अंदमानहून परतताना विमानतळावर आमच्या बॅगांचं वजन झालं. किश्शांचं कोणी केलं नाही, हे आमचं नशीब.

तर मंडळी अशी. वर्ध्याच्या एका सरकारी ऑफिसात आम्ही तिघांनी जन्म काढला. मी क्लार्क, मेश्राम क्लार्क आणि भोयर साहेब हेडक्लार्क. मेश्राम कमी बोलतो, पण त्याचं बोलणं समोरच्याला घरी गेल्यावर लागतं. मेश्रामवहिनी सेवाग्रामच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. आमच्या सौ. भाविक आहेत. आणि भोयर साहेब समजावून सांगतात.

काय समजावून सांगतात, असं विचारायचं नसतं. जे समोर येईल ते! पाऊस आला तर पाऊस कसा पडतो ते पावसात उभे राहून सांगतात. ऐकणारा भिजतो, याचं त्यांना काही नाही. त्यांच्या पत्नी शोभावहिनी हे सगळं ऐकतात. लग्नापासून ऐकतात.

म्हणून एका सकाळी टेकडीवर फिरताना वहिनी स्वतःहून बोलल्या, तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात डोक्यावर काचेचं हेल्मेट घातलेली माणसं समुद्राच्या तळाशी चालत होती आणि अवतीभवती मासे फिरत होते.

"मले हे कराचं आहे," वहिनी म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "अवं, बोर धरण पाह्यलं ना तू? तेच पाणी. फक्त हे खारं राह्यते."

"पाणी वरतून पाह्यलं जी. मले खालतून पाहाचं आहे."

टेकडी उतरेपर्यंत साहेबांनी पाण्याचा दाब, शार्क, मीठ आणि वय असे चार विषय घेतले. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि घरी जाऊन बॅग भरायला लागल्या!

* * *

आमच्या सौ.नी समुद्राला वाहण्यासाठी केळझरच्या गणपतीपुढचा नारळ सोबत घेतला होता. नागपूरच्या विमानतळावर मशीनमध्ये तो दिसला आणि हातातली बॅग उघडायला लागली. तिथली शिपाई बाई म्हणाली, "माताजी, नारियल अंदर नहीं ले जा सकते."

"प्रसादाचा आहे बाई!"

"आप जा कहाँ रहे हो?"

"अंदमान."

बाई हसायलाच लागली. "माताजी, वहाँ तो पेड़-पेड़ पे नारियल है!"

सौ.नी तिच्याकडे दयेने पाहिलं. "असतीन. पण ते केळझरचे नाईत ना!"

नारळ शेवटी तिथेच राहिला. तो फोडून त्यांनी सगळ्यांना वाटला असेल, अशी सौ.ची श्रद्धा आहे.

* * *

पोर्ट ब्लेअरला आमचा गाईड भेटला. तपन नावाचा चाळिशीतला बंगाली माणूस, डोक्यावर टोपी, तोंडात कायम पान. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटाची बोट पकडायला त्याने आम्हाला धक्क्यावर नेलं आणि तिकिटं हातात दिली.

भोयर साहेबांनी तिकीट वाचलं. उलटून वाचलं. मग रांगेतून बाहेर येऊन उभे राहिले.

"चला साहेब," मी म्हटलं.

"कुठं चला? आपलं बुकिंग हॅवलॉकचं आहे. याच्यावर स्वराज द्वीप लिहून आहे. दुसऱ्याच बेटावर काऊन नेऊन राह्यले आपल्याले?"

तपन हात जोडून म्हणाला, "दादा, एक ही है. नाम बदल गया."

"असं कसं बदललं? तोंडी?"

मेश्राम म्हणाला, "तोंडी नाई साहेब, सरकारनं बदललं. गॅझेटमधी आलं आहे."

साहेबांनी तपनपुढे हात पसरला. "मग त्याची कॉपी दाखवा!"

बोटीचा भोंगा वाजला. मेश्रामवहिनींनी साहेबांचा दंड पकडला आणि दवाखान्यात पेशंटला बेडवर नेतात तसं त्यांना बोटीत नेऊन बसवलं. हॅवलॉक येईपर्यंत साहेब खिडकीतून पाहत होते आणि बेट दिसल्यावर म्हणाले, "पाहू आता, बोर्डावर काय लिहिलं आहे ते!"

* * *

हॉटेलवाला मोठ्या मनाचा. महाराष्ट्रातली मंडळी आली म्हणून त्याने सकाळी पोहे केले. आता पोहे म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला वर तर्री लागते, म्हणजे तो लालभडक झणझणीत चण्याचा रस्सा. त्याच्याशिवाय पोहे म्हणजे नुसता ओला चिवडा.

मेश्रामने आचाऱ्याला बोलावलं. "भैया, तर्री?"

"करी?"

"हाव, तर्री!"

आचारी आत गेला आणि वाडगाभर लाल रस्सा घेऊन आला. मेश्रामने तो पोह्यांवर ओतला. वर एक माशाचा तुकडा तरंगला.

आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहायला लागलो. मेश्रामने तुकडा बाजूला केला, एक घास घेतला, दुसरा घेतला, मग बाजूला केलेला तुकडाही घेतला. प्लेट साफ झाल्यावर मला म्हणाला, "वर्ध्याच्या ठेलेवाल्याले हे सांगजो नको गड्या. बिचारा चणे सोडून देईन."

* * *

समुद्रकिनाऱ्यावर तपन माहिती सांगायला लागला की भोयर साहेब त्याच्या शेजारी जाऊन उभे राहत. तपनने भरती-ओहोटी म्हटलं की साहेब चंद्रावर जात. तपनने प्रवाळ म्हटलं की साहेब चुनखडीवर येत. हॅवलॉकवरच्या दुसऱ्या दुपारी मी पाहिलं, तर साहेब हातवारे करून बोलत होते आणि तपन आमच्यासोबत वाळूत बसून शहाळं पीत होता!

मी विचारलं, "तपनभाई, आप नहीं बताओगे?"

पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत तो म्हणाला, "दादा, अठारह साल से बोल रहा हूँ. आज पहली बार टूरिस्ट बना हूँ."

* * *

मग आली काचेच्या तळाची बोट. मधोमध काच, भोवती बाकं. काचेतून खालची प्रवाळं आणि मासे दिसतात. वहिनी अगदी काचेजवळची जागा धरून बसल्या होत्या. पदर खोचलेला, चष्मा पुसलेला.

बोट सुरू झाली आणि साहेब काचेवर ओणवे झाले. "हा पाहा! हा आपल्या इकडच्या मरळसारखा. तो पाहा, तो कटल्याच्या खानदानातला. आणि तो निळा आहे ना, तो..."

"पैरट फिश," तपन म्हणाला.

"पोपट मासा! चोच पाहा त्याची. आता ही चोच कशी बनते..."

फेरी संपली. उतरताना मी वहिनींना विचारलं, "काय वहिनी, कसे वाटले मासे?"

"मासे कुठं जी," वहिनी म्हणाल्या. "काचीत याइचं टक्कलच चमकून राह्यलं होतं."

मग त्या तपनकडे वळल्या. "भाऊ, ते पाण्याखाली चालाचं कुठं राह्यते?"

उद्या सकाळी, तपन म्हणाला. पुढच्या किनाऱ्यावर. त्यानंतर परतीची बोट. म्हणजे काय ती तेवढीच एक सकाळ.

* * *

रात्रीच्या जेवणावर साहेबांनी हुकमी पत्ता काढला. "तिले बीपी आहे. बीपीवाल्याले उतरवत नाईत. नियमच आहे."

वहिनींचा घास हातातच राहिला. नियम म्हटल्यावर त्या घरात आजवर कोणी पुढे बोललेलं नव्हतं.

मेश्रामवहिनी उठल्या, खोलीतून बीपीचं मशीन घेऊन आल्या. प्रवासाला त्या टूथब्रश विसरतील, मशीन नाही! शोभावहिनींच्या दंडाला पट्टा बांधला. आम्ही सगळे जेवण सोडून त्या काट्याकडे पाहत होतो.

"एकदम नॉर्मल."

"मशीन खराब असन," साहेब म्हणाले. "आता हे मशीन काम कसं करते पाहा. आत हवा..."

मेश्रामवहिनींनी तोच पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. हवा भरली, सोडली. काटा पाहिला. पुन्हा भरली. मग शांतपणे म्हणाल्या, "भोयर साहेब, मीठ कमी करा, चूप बसा, आणि उद्या तुम्ही वरतीच राह्यजा."

शोभावहिनींनी हातातला घास खाल्ला आणि वाटीत आणखी वरण घेतलं.

* * *

सकाळी समुद्र गुळगुळीत होता. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक तराफा नांगरलेला, त्यावर हवेचा पंप, आणि कडेने पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी. वहिनींनी मेश्रामवहिनींचा पंजाबी ड्रेस घातला होता. लग्नानंतर साडीखेरीज दुसऱ्या कपड्यांत त्यांना आम्ही कोणीच पाहिलेलं नव्हतं. सौ. म्हणाल्या, "कॉलेजातली दिसते व तू!"

पाण्याखाली नेणारा माणूस दणकट आणि शांत होता. त्याने खुणा शिकवल्या. खाली बोलता येत नाही, म्हणून सगळं हातानेच. बोटांची गोल चिमटी म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर चला. अंगठा खाली म्हणजे अजून खाली, वर नाही.

साहेबांनी त्याच खुणा वहिनींना पुन्हा समजावल्या. "आणि जराही भेव वाटलं का अंगठा वर. समजलं? मासा जवळ आला, अंगठा वर. काई झालं, अंगठा वर!"

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट बसलं. साहेब अजून बोलतच होते, पण काचेच्या आत वहिनी नुसत्या हसल्या आणि शिडीवरून एकेक पायरी पाण्यात गेल्या. आधी खांदे गेले, मग हेल्मेट. मग नुसते बुडबुडे.

साहेब पंपवाल्याजवळ गेले आणि त्याला पंप कसा चालतो ते सांगायला लागले.

वहिनींच्या नंतर एक गुजराती जोडपं दुसऱ्या माणसासोबत खाली गेलं. ते फिरून वर आलं, फोटो काढून झाले, बिस्किटंही खाऊन झाली. वहिनी आल्या नाहीत.

साहेबांचं वाक्य मध्येच तुटलं. ते तराफ्याच्या कडेला आले. "एवढा वेळ लागते का?" त्यांनी पंपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "हवा बराबर जा रही है, अंकल." साहेबांनी हवा कशी जाते ते सांगितलं नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि पाण्यात वाकून म्हणाले, "शोभा!"

मेश्रामने त्यांचा शर्ट मागून धरला. "साहेब, ऐकू नाई येत खाली."

"माहीत आहे मले," साहेब म्हणाले, आणि पुन्हा हाक मारली, "शोभा! अवं शोभा!"

ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण भोयर साहेबांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग बुडबुडे शिडीजवळ आले. हेल्मेट वर आलं, मग वहिनी आल्या. साहेबांनी दोन्ही हातांनी त्यांना तराफ्यावर ओढून घेतलं. त्यांच्यामागून तो दणकट माणूस धापा टाकत वर आला आणि साहेबांना म्हणाला, "अंकल, मैंने तीन बार पूछा, ऊपर चलें? माताजी ने तीनों बार अंगूठा नीचे कर दिया!"

हेल्मेट निघालं. वहिनींचे केस कोरडे होते, डोळे मात्र चमकत होते. साहेबांनी अजून त्यांचा हात सोडला नव्हता.

"काऊन व?" साहेबांनी विचारलं. "असं काय होतं खाली एवढं?"

वहिनींनी ओल्या ओढणीने तोंड पुसलं. थोडा विचार केला.

"मासे होते जी. लाल, पिवळे, भल्ले मोठे मोठे," त्या म्हणाल्या. "पण कोणता कोणता होता, ते कोणीच सांगत नोतं!"