माहदुख्तच्या दारचा जनाजा

माझी मोठी जाऊ माहदुख्त आयुष्यात कुणापुढे वाकलीच नाही, असं मी सांगणार नाही. अरबांच्या या कूफा शहरात आमच्यासारख्यांना वाकावंच लागतं. आम्ही पडलो इराणी, त्यांचे आश्रित. घरात बोलायचं फारसी, नमाज पढायची अरबीत, आणि शहरात राहायचं तर कुठल्या तरी अरब टोळीच्या पदराखाली. पण एके दिवशी ती वाकली नाही. तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

तिचा नवरा, म्हणजे माझे दीर फर्रुख, विणकर होते. इराणच्या राजाच्या अमलात विणकराच्या पोराने विणकरच व्हायचं आणि मोठ्यांच्या सावलीपासूनही लांब उभं राहायचं. मग अरब आले, राजा पळाला. भावोजी तेव्हा अगदी कोवळे होते. मोठे झाल्यावर मशिदीच्या दाराशी त्यांनी ऐकलं, की नमाजेत अल्लाहपुढे ओळ एकच असते आणि जो आधी येईल तो पुढे उभा राहील. तेवढं ऐकून ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "चल, आपण आत जाऊ." कुणी तलवार दाखवली नव्हती की आमिष दाखवलं नव्हतं. त्या एका ओळीसाठी दोघं मुसलमान झाली. पुढे भावोजींना रोज मागच्या ओळीत ढकललं, तरी ते म्हणायचे, "माणसं चुकतायत गं, धर्म नाही चुकत." मला मात्र ते कधी पटलं नाही. माणसं चुकत नव्हती, त्यांना तसंच हवं होतं!

आता त्या हुमैदचं सांगते. आमच्या आश्रयदात्या टोळीत एक बाई बाळंतपणात गेली. मूल जगलं, तोच हा हुमैद. माहदुख्तच्या मांडीवर तेव्हा तिची मुलगी होती, अंगावर पिणारी. टोळीच्या बायकांनी ते पोर आणून तिच्या पदरात टाकलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की ही अरब आहे का. दूध तेवढं चाललं! दोन वर्षं तो आमच्या घरात वाढला. भावोजी पायाने माग चालवायचे आणि त्याच पायाला दोरी बांधून पाळणा हलवायचे. त्यांना मुलगा नव्हता. हुमैद रांगत यायचा, मागावरचे ताण्याचे धागे ओढून गुंता करायचा, आणि हा गडी रागवायचं सोडून हसत बसायचा. मी म्हणायची, "भावोजी, कापड गेलं की!" ते म्हणायचे, "जाऊ दे. लेकाने केलंय."

मग टोळीने त्याला परत नेलं. घोडा दिला, तलवार दिली. सुरुवातीला ईदेला यायचा, माहदुख्तच्या हातची खजूर घातलेली भाकरी उभ्याउभ्याच खायचा. मिसरूड फुटल्यावर तेही बंद झालं. रस्त्यात भेटला तर नुसती मान हलवायचा. भावोजी तेवढ्यावर दिवसभर खूश असायचे. मला मात्र चीड यायची.

ऐन उन्हाळ्यात भावोजी तापाने गेले. जाताना म्हणाले, माझ्या जनाज्याची नमाज मिहरानने पढवावी. मिहरान आमच्याच गल्लीतला रंगारी, त्यांचा जन्माचा सोबती. दोघं एकाच दिवशी मुसलमान झालेले. पुरुषांनी मयताला अंघोळ घातली, कफन बांधलं, जनाजा दारात ठेवला आणि खांदा देणार इतक्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. हुमैद आला होता, बरोबर टोळीतला एक सोबती.

"फर्रुख गेला ना? उचला मग लवकर, ऊन चढतंय. नमाज मी पढवणार," हुमैद घोड्यावरूनच म्हणाला.

'फर्रुख गेला.' ज्याच्या पायाने पाळणा हलला, त्याचं नाव असं घेतो, एकेरीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माहदुख्त बाहेर आली. "बाळा, आधी खाली उतर."

तो उतरला नाही.

"मिहरानने पढवावी, असं ते सांगून गेलेत," ती म्हणाली.

"मिहरानने? त्या रंगाऱ्याने?" तो हसला. "वडीलधाऱ्यांनी सांगून पाठवलंय. अरब हजर असताना आश्रित पुढे उभा राहत नाही. हे तुला काय आज नव्याने कळतंय?"

माझी जीभ आवरली नाही. "मग तू हजर राहू नकोस ना! एवढं सोपं आहे. आलास तसा जा!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हुमैदच्या सोबत्याने चाबकावर हात ठेवला. माहदुख्तने मला कोपराने मागे सारलं आणि घोड्याला अगदी खेटून उभी राहिली.

"ऐक हुमैद. तूच पुढे उभा राहा. मला चालेल, त्यांनाही चाललं असतं. मुलगा बापाच्या जनाज्यापुढे उभा राहतोय म्हटल्यावर मिहरानसुद्धा बाजूला होईल. दुधाचं नातं रक्ताइतकंच, हे पैगंबरांनी सांगितलंय, तुझ्या टोळीने नाही. एवढंच कर. या सगळ्यांसमोर म्हण, माझा बाप गेला. आणि हो पुढे."

अख्खी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने एकदा जनाज्याकडे पाहिलं. मग सोबत्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"मी टोळीतर्फे आलोय," तो म्हणाला.

"टोळीतर्फे?"

"हो."

 मला वाटलं, आता ही जनाजा अडवून धरेल. पण त्या उन्हात मयत किती वेळ ठेवणार? त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो आरामात घोड्यावर बसून होता. शेवटी तीच म्हणाली, "उचला."

बायकांनी कबरस्तानात येऊ नये म्हणतात. आम्ही गेलो. हुमैद पुढे उभा राहिला आणि चारदा अल्लाहु अकबर म्हणून मोकळा झाला. मधल्या दुआ त्याने म्हटल्या की गिळल्या, अल्लाह जाणे. मूठभर माती टाकायलाही थांबला नाही. एवढी माया लावली त्याचं हे फळ!

पुरुषांनी कबर बुजवली. टोळीचे घोडे रस्त्याला लागल्यावर माहदुख्त म्हणाली, "मिहरानभाऊ, आता इथे कुणी अरब नाही. उभे राहा."

मिहरान घाबरला. "वहिनी, मयत तर मातीत गेलं. आणि नमाज झालीय ना."

"मदिनेत मशीद झाडणारी बाई वारली, तिला लोकांनी रात्रीतच परस्पर पुरून टाकलं. कोण ती, तिच्यासाठी पैगंबरांना कशाला उठवायचं, म्हणून. त्यांना कळलं तेव्हा काय केलं त्यांनी? कबर कुठे आहे विचारलं आणि तिथे जाऊन नमाज पढले. हे मला तुम्ही आणि ह्यांनीच सांगितलंय, माझ्याच ओसरीवर बसून. खोटं सांगत होता का?"

मिहरानने डोळे पुसले आणि कबरीपुढे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे रंगारी, विणकर, चांभार, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही दोघी. पहिला अल्लाहु अकबर, पहिली तकबीर झाली. तेवढ्यात मागून टापा ऐकू आल्या. रस्त्यावरून ओळी दिसल्या असणार.

"काय चाललंय हे? नमाज मी पढवलीय! कुणाच्या हुकमाने उभे राहिलात?" हुमैद ओरडला.

उभ्या नमाजेत कोण वळून बघणार? कुणी हललं नाही. मिहरानचा आवाज जरा कापला, पण पुढची तकबीर त्याने पहिलीपेक्षा मोठ्याने म्हटली. हुमैद आणखी दोनदा ओरडला. मग गप्प झाला. भावोजींच्या वाट्याची प्रत्येक दुआ मिहरानने सावकाश, पूर्ण म्हटली.

नमाज संपताना सलामासाठी मान वळवली तेव्हा तो मला दिसला. एकटाच होता, घोड्यावरून उतरून पायी उभा. लोक त्याला वळसा घालून निघाले. माहदुख्त त्याच्या समोरून जाऊ लागली तसा तो हळूच म्हणाला, "आई, मलाही उभं राहायचं होतं."

"तुझी नमाज झाली ना मघाशी, टोळीची?" ती म्हणाली. "ही घरच्यांची होती."