बोट पुढे केलं

सिंगापूरचा नागरिक झाल्यावर पहिलंच मतदान आलं, तेव्हा आमची ही इस्पितळात होती. मी तिच्या उशाशी बसून राहिलो. मग ती गेली. इथे मत दिलं नाही की यादीतून नाव काढतात, तसं माझंही काढलं. बायको नाही, यादीत नाव नाही. आपण संपलो, असंच मी धरून चाललो होतो.

सून ऐकेना. "बाबा, निवडणूक लागली की नाव परत घालता येणार नाही. उठा!" आमच्या यिशुन भागातल्या कम्युनिटी क्लबमध्ये नेऊन तिने माझा अर्ज भरून घेतला. नाव परत लागल्याचं कळलं, त्या दिवशी मी डायबेटिस असून वाटीभर श्रीखंड चापलं.

मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. फुली मारली, कागद पेटीत टाकला, आणि आपल्याकडच्या सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे करून टेबलाशी उभा राहिलो. तिथली चिनी बाई बघतच राहिली.

"काय झालं, अंकल?"

"शाई लावा की!"

"इथे शाई नाही लाह! झालं तुमचं, जा घरी."

इथल्या लोकांसारखं वाक्याला 'लाह' जोडून ती हसली, मागची रांग हसली, मीही हसलो. ही गेल्यापासून एवढ्या मोठ्याने हसलो नव्हतो.

बाहेर येऊन सुनेला फोन लावला. "मत दिलं. आता पुढच्या निवडणुकीपर्यंत मरायची सोय नाही."

"मरू नका," ती म्हणाली, "आणि येताना कोथिंबीर आणा."