साध्या पाण्याची बरणी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही. शैलाला तर नाहीच. तुम्हाला सांगते — ऐका.

नव्वद सालच्या आसपासची. माझ्या दिराची मुलगी शैला कॉलेजसाठी वरसाव्याहून आमच्याकडे भाईंदरला राहायला आली होती. शेवटचं वर्ष. सरांनी तिला एक प्रयोग दिला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बरण्या, दोन्हींत बोटाएवढे मासे. तिने ब्लेडने त्यांच्या शेपट्यांची टोकं कापली होती. एका बरणीत साधं पाणी, दुसरीत सरांनी दिलेलं औषध. औषधामुळे शेपटी उशिरा वाढते का, ते बघायचं.

शेपटी परत वाढते? मी चौथी शिकलेली बाई, पण मासे जन्मभर कापले. हे मला ठाऊक नव्हतं. आणि कळणार तरी कसं — माझ्या विळीवर आलेल्या माशाला वाढायला वेळ कुठे मिळतो?

"काकी, बरण्यांत काही टाकू नकोस हां."

"काय टाकू? कोकम? तुझ्या माशांचं कालवण चमचाभरसुद्धा व्हायचं नाही."

दोघी हसलो. आठवड्याभरात साध्या पाण्यातल्या शेपट्यांना काचेसारखी पातळ कड आली. भांडी घासायची सोडून मी बघत उभी राहायचे.

तेव्हा माझे गुडघे सुजायचे. डॉक्टरच्या गोळ्यांनी सूज उतरली, पण विळीने कापलेलं बोट महिना झाला तरी भरेना. गोळ्यांमुळे तर नसेल? डॉक्टरला विचारता आलं असतं. पण — बरणी समोर होती.

शैला कॉलेजला गेली की मी अर्धी गोळी कुटून साध्या पाण्यात टाकायचे. ती रोज पाणी बदलायची, मी रोज टाकायचे. आठ दिवस. माशांची दया? नाही आली. मला बघायचं होतं. आणि काय सांगू — कड होती तिथेच थांबली! मला आनंद झाला. खरंच झाला. डॉक्टरकडे जाऊन गोळ्या बदलून घेतल्या. बोट भरलं.

आणि शैला? औषधातल्या शेपट्या मागून तेवढ्याच झाल्या, म्हणून तिच्या दोन्ही बरण्यांतल्या शेपट्या सारख्याच खुंटलेल्या. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, औषध दोन्हीकडे टाकलंस आणि वर खोटं बोलतेस. घरी येऊन ती मला विचारत होती, "काकी, माझ्याच हातून पडलं असेल का गं?"

मी काय म्हणाले?

"पडलं असेल. तुझं लक्ष कुठे असतं?"

दीर काय म्हणेल, याची भीती होती का? असेलही. पण हे बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही — एवढं मला पक्कं आठवतं.

पुढे शिकायचं तिने सोडलं. मीरा रोडला एका ऑफिसात टायपिंगला लागली. लग्न झालं, मुलगी झाली. परवा ती मुलगी म्हणत होती, दहावीनंतर सायन्स घेणार. शैला तिला म्हणाली, "घे. पण प्रयोगाबियोगाच्या नादी लागू नकोस. आपला हात धांदरट आहे, मी करून बघितलंय."

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. सोलत राहिले.