मुलगा बघायला आलेली बाई

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या कचेरीत मी प्रोबेशन ऑफिसर म्हणून रुजू झाले तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि सात स्थळांनी मला बघून नापसंत केलं होतं. एकाला मी सावळी वाटले, दुसऱ्याला उंच, तिसऱ्याच्या आईला माझा चष्मा नडला. उरलेल्या चौघांनी पोहे संपवून ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. त्यामुळे सरकारी नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा मी घरात अक्षरशः उड्या मारल्या. आता लोकांच्या घरी जाऊन प्रश्न मी विचारणार होते.

काम सांगायला सोपं होतं. एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला, पण तो पहिलाच असला, तर शिक्षा सुनावण्याआधी मॅजिस्ट्रेट आमच्याकडून अहवाल मागवत. आम्ही आरोपीच्या गावी जायचं, शेजारीपाजारी आणि घरच्यांशी बोलायचं आणि माणूस कसा आहे ते लिहायचं. अहवाल चांगला गेला तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, वाईट गेला तर तुरुंग. एक नियम मात्र कडक होता. गावात खटल्याचा उल्लेख करायचा नाही. घरच्यांना ठाऊक नसेल तर त्यांनाही सांगायचं नाही. ‘मुलाची थोडी माहिती हवी होती’ एवढंच म्हणायचं.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष असेल. एका विशीतल्या मुलाचा कागद माझ्याकडे आला. सोलापुरात यंत्रमागावर कामाला, गाव वैरागच्या पुढं दोन कोसांवर. गावच्या जत्रेला जायचं म्हणून त्यानं फोरमनची सायकल न विचारता नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या नाक्यावर सायकलीसकट सापडला. ‘परत ठेवायलाच चाललो होतो,’ असं तो पोलिसांना म्हणाला, कोर्टात म्हणाला आणि मलाही म्हणाला. सायकल चोरणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, असं मला आमच्या हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. अहवाल वाईट गेला तर तो सहा महिने आत जाणार होता. त्यानं एकच विनंती केली, आईला यातलं काही माहीत नाही, तेवढं सांभाळा.

सकाळच्या एस.टी.नं वैराग गाठलं आणि पुढं छत्री उघडून चालत निघाले. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत छापील फॉर्म. असा रुबाब मी पुन्हा कधी केला नाही.

आधी शिंप्याकडे गेले. मुलाची माहिती हवी म्हटल्यावर त्यानं मशीन थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडभर हसला.

“लई गुणी पोरगं. गावात असं दुसरं न्हाय.”

“दारू वगैरे?”

“दारू? च्याबी फुकून फुकून पितंय.”

“शेती किती?”

“दोन एकर हाय की.”

किराणा दुकानदारानं शेतीचे चार एकर केले. शाळेच्या मास्तरांनी विहीर धरून सात सांगितले, आणि मुलगा दोनदा नापास झाला तो निव्वळ आजारपणामुळे, असं न विचारता खुलासाही केला. मी भराभर लिहून घेत होते. एवढा निर्मळ आरोपी जिल्ह्यात झाला नसेल.

मग आडावर एक मुलगी पाणी शेंदताना दिसली. अठरा-एकोणीसची असेल. घर कुठलं विचारलं तर त्याच्याच शेजारचं निघालं. तिनं कळशी दाणकन खाली ठेवली.

“रागीट हाय. आईचं आयकत न्हाय. आळशी हाय. पायाला सा बोटं हायत. आन् रातभर घोरतंय.”

“घोरतो हे तुला कसं माहीत?”

“भिंत एकच हाय की,” ती म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन तरातरा निघून गेली.

गावभर देव आणि शेजारी राक्षस, हे गणित काही जुळेना. डोकं खाजवत मी त्याच्या घरी पोचले. आईनं घोंगडी अंथरली. बघता बघता दारात सात-आठ बायका जमल्या. पितळी ताटलीत पोहे आले, वर खोबरं भुरभुरलेलं. मला जरा नवल वाटलं, कारण गृहभेटीला आम्हाला फार तर पाणी मिळायचं. मी फॉर्म काढणार तेवढ्यात आईच म्हणाली, “बाई, डोळ्याला चष्मा ल्हानपनापासनं हाय का?”

हा प्रश्न मी ओळखत होते. याच सुरात, याच काळजीनं तो मला आधी विचारला गेला होता. हातातला घास हातातच राहिला.

“स्वयपाक येतो नव्हं?” दारातून दुसरी म्हणाली. तिसरी तिच्या कानात कुजबुजली, पण मला ऐकू आलं, “आता शेरात पोरी सोताच बगाय येत्यात म्हणं.”

मला ठसका लागला. हसू आणि पोहे एकदमच घशात अडकले. बायका पाठीवर थापट्या मारत होत्या, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला थांबताच येईना. कमाई किती, व्यसन आहे का, शेती किती, स्वभाव कसा. आमचा सरकारी फॉर्म आणि मुलीकडच्यांची चौकशी यांत एका ओळीचाही फरक नव्हता. आणि आपल्याकडे सोयरीक जुळत असताना शेजारी वाईट बोलत नाहीत. माझ्या पिशवीत होती ती साक्ष नव्हती, ते लग्न जमवून देण्याचं पुण्य होतं.

पण हसू ओसरलं तसा पेच लक्षात आला. गैरसमज दूर करावा तर खटला उघडा पडतो, न करावा तर अहवाल खोटा. ‘कळवते’ एवढं म्हणून मी उठले. हो, मीसुद्धा ‘कळवते’च म्हटलं.

बाहेर पडले आणि सरळ आडाकडे गेले. गावभर सगळ्यांनी गोड बोलून ठेवलं असताना एकाच मुलीला हे लग्न मोडायचं होतं. ते का, हे आता मला कळलं होतं. ती रिकामी कळशी घेऊन परत आली होती आणि डोळे पुसत बसली होती. नियम मोडायचा की पाळायचा, याचा मी फार विचार केला नाही. तो नियम मी नोकरीत तेवढा एकदाच मोडला.

“मी लग्नासाठी आलेले नाही,” मी म्हटलं. “कोर्टातून आलेय. सायकलीची भानगड आहे. तू सांगितलंस ते लिहिलं तर तो सहा महिने तुरुंगात जाईल.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“जत्रंच्या सांजंला सायकल बगून मी इचारलं, कुनाची हाय? फोरमनची म्हनला. इचारून आनली का? तर गप. मी म्हनलं, उजाडायच्या आत नेऊन ठिव, न्हायतर तोंड दावू नगंस. तांबडं फुटायच्या आदी गेला. म्या सोता बगितला.” मग हळूच म्हणाली, “ताई, त्यानं माजं नाव सांगितलं का कोर्टात?”

“नाही.”

“एवडं झालं तरी?”

“एवढं झालं तरी नाही.”

त्यावर ती रडली आणि हसलीही. मला त्या क्षणी दोघांचा हेवा वाटला, हे कबूल करते. सात स्थळं झाली, पण माझ्यासाठी कुणी असं खोटं बोललं नव्हतं.

अहवालात मी खरं तेच लिहिलं. गावकऱ्यांची प्रशंसा ‘भेटीच्या हेतूबद्दल गैरसमज झाल्याने’ ग्राह्य धरू नये, आणि एका विश्वसनीय शेजाऱ्याच्या म्हणण्यानुसार आरोपी सायकल परत ठेवायलाच निघाला होता. आमचे मॅजिस्ट्रेट अहवाल लाल पेन्सिलीनं वाचत. त्यांची पेन्सिल नेमकी ‘गैरसमज’वर थांबली.

“कसला गैरसमज?”

“साहेब, तो... स्थानिक स्वरूपाचा होता.”

“म्हणजे?”

“त्यांना वाटलं, मी मुलगा बघायला आलेय.”

वकील हसले, पट्टेवाला हसला, आरोपी मान खाली घालून हसला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिले. माझे कान तापले होते.

“आणि हा विश्वसनीय शेजारी? नाव नसलेल्या माणसाच्या सांगण्यावर मी याला कसा सोडू?”

नाव दिलं तर तिची अब्रू जाणार, न दिलं तर तो. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. आडावर मी सांगितलेली तारीख लक्षात ठेवून, डोळे दाखवायचं निमित्त काढून ती मुलगी पहाटेच्या गाडीनं आली होती, मलाही न सांगता.

“मी हाय, साहेब. मीच त्येला धाडला हुता.”

पिंजऱ्यातला मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांनी तिला चार प्रश्न विचारले, तिनं खणखणीत उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, “तुझं आणि आरोपीचं नातं काय?”

तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं.

“अजून तर काय न्हाय, साहेब.”

कोर्ट पुन्हा हसलं, पण साहेब हसले नाहीत. वैयक्तिक मुचलका, एक वर्ष चांगली वर्तणूक, देखरेख माझी. लाल पेन्सिलीनं त्यांनी ‘विश्वसनीय’ या शब्दाखाली रेघ ओढली, ती मी नंतर फाइलीत पाहिली.

वर्षभर तो दर महिन्याला कचेरीत येऊन सही करत होता. काम दुसऱ्या कारखान्यात मिळालं होतं. मुदत संपली त्याच महिन्यात पत्रिका घेऊन आला. मी लग्नाला गेले.

मांडवात शिरताच बायकांची कुजबुज सुरू झाली. पंगतीत त्याची आई माझ्याशेजारी टेकली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“बाई, राग धरू नगा. आमच्याच पोरानं नगं म्हनलं. चष्मा म्हनला. तरी तुमी आला, लई मोटं मन. तुमाला बी मिळंल कुनीतरी.”

म्हणजे हे आठवं. ज्याला मी तुरुंगापासून वाचवलं त्यानंही मला नापसंत केलं होतं, आणि गाव ते वर्षभर चघळत होतं. सायकल, कोर्ट, माझ्या जिभेवर सगळं आलं. समोर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव माझ्याकडे बघत होता, आईचा शब्द ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारी नवरी, हात जोडल्यासारखे मांडीवर घट्ट धरून बसलेली.

“छे हो, राग कसला,” मी म्हटलं. “मुलगा चांगलाच आहे. मीच कमी पडले.”

आईनं समाधानानं मान डोलावली आणि माझ्या पानात मूठभर बुंदी जास्त वाढली.