एकदाच विचारणारी ताई

तिकडची ताई कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. समोरच्याने हो-नाही सांगितलं की विषय संपला. मी बदलापूरच्या बेलवलीतली बाई. आमच्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि घरच्यांनी तिसऱ्यांदा वाढायचंच, अशी रीत. आमच्या दोघींचं कसं जमणार होतं, तुम्हीच सांगा.

मी स्पेनला गेले ती नातीपायी. मुलाने लग्न तिकडच्याच मुलीशी केलं, ते टिकलं नाही. तो नोकरीसाठी तिसऱ्याच देशात गेला आणि सहा वर्षांची मीरा आईपाशी राहिली. तिला स्पॅनिशशिवाय काही येईना. व्हिडिओ कॉलवर ती काहीबाही सांगायची, मी नुसती हसायची. मग ती फोन टेबलावर ठेवून खेळायला जायची आणि मला त्यांच्या घराचं छत दिसत राहायचं. एक दिवस ही पोर फोनवर यायचीच बंद होईल, अशी धास्तीच घेतली मी. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापता कापता शेठाणीकडून सिंधी उचलली होती, मग हीही उचलू, म्हटलं. मुलाने तिकडे भाषेचा वर्ग शोधला आणि दोन महिने राहायला एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर. त्या घरची बाई माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून ताई. ताई म्हणजे काय ते सांगितलं, तर म्हणाली, "माझं वय सगळ्या गल्लीला कळवायची गरज नव्हती."

पहिल्या संध्याकाळी तिने मसूर केले होते. आपल्यासारखेच, फक्त फोडणी नाही. "आणखी?" तिने विचारलं. मी ताटावर हात आडवा धरला. तिने पातेलं उचललं, उरलेलं डब्यात भरलं आणि फ्रीज बंद केला. मी बघतच राहिले. खोलीत जाऊन बॅगेतला चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी झाडताना तिला पलंगाखाली शेंगदाणे सापडले.

"भूक होती तर नको का म्हणालीस?"

फोनवरच्या भाषांतराला हाताशी धरून मी तिला आग्रह म्हणजे काय ते समजावलं. आमची शेठाणी दारातच पापड-पाणी पुढे करायची, आपण कितीही नको म्हटलं तरी ऐकायची नाही, तेही सांगितलं. ताईने सगळं शांतपणे ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "यांच्याकडे आधी दोघी खोटं बोलतात, मग जेवतात." ते म्हातारबाबा एरवी क्वचितच बोलायचे. त्या दिवशी हसता हसता त्यांना ठसका लागला.

ताईची लेक त्याच गावात राहायची. ताई तिला फोन करायची, "रविवारी जेवायला येतेस?" ती म्हणायची, काम आहे. झालं. ताई फोन ठेवून भांडी पुसायला लागायची. मला राहवायचं नाही. "अगं, परत विचार की. लेकच आहे ना तुझी?" ती म्हणायची, "एकदा विचारलं तर बोलावणं. दोनदा विचारलं तर ओझं." आणि तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहायची.

सूनबाई, मी अजून सूनबाईच म्हणते, दर शनिवारी मीराला घेऊन बागेत यायची. मोडक्यातोडक्या शब्दांत नात आणि मी बोलायला लागलो होतो. मी निघायला एक आठवडा उरला तेव्हा सूनबाई म्हणाली, "पुढच्या शनिवार-रविवारी हिला तुमच्याकडे ठेवू का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नको गं, तुला कशाला त्रास." ती म्हणाली, "बरं." पोरीच्या जॅकेटची चेन लावली आणि दोघी बसस्टॉपकडे चालायला लागल्या. मी आपली उभी, ही आता वळेल, परत विचारेल.

घरी येऊन ताईला सांगितलं, "फोन करेल ती."

"नाही करणार. तू नको म्हणालीस."

"अगं, ते तोंडदेखलं नको होतं."

"ते तुला माहीत, मला माहीत. तिला कोण सांगणार?"

आणि ताईने स्वतः फोन लावला. माझ्यासाठी दुसऱ्यांदा विचारलं. पण तोवर सूनबाईने मीराला आपल्या माहेरी पाठवायचं ठरवून टाकलं होतं. फोन ठेवून ताई भांडी पुसायला लागली. मग म्हणाली, "दुसऱ्यांदा 'नाही' ऐकणं जास्त लागतं गं."

मी निघाले तेव्हा तिने ऑम्लेट घातलेले पाव करून दिले. "आणखी एक घे."

"नको."

"घे."

"नको गं, ताई."

तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, सरळ माझ्या पिशवीत कोंबला. "आता बरोबर केलं ना?"

या हिवाळ्यात ताई गेली. तिच्या लेकीने फोन करून कळवलं. सांगताना म्हणाली, "आईने मला एकाच दिवशी दोनदा बोलावलं. तेव्हाच मी घाबरले. हातातलं काम टाकून गेले."

मीरा आता फोन टेबलावर ठेवून जात नाही. गेल्या रविवारी मी सूनबाईला विचारलं, "सुट्टीत हिला घेऊन बदलापूरला येतेस का?" ती म्हणाली, "बघू." आमच्या बेलवलीत 'बघू' म्हणजे नाही. तिकडे काय असतं, ते सांगायला ताई राहिली नाही. म्हणून येत्या रविवारी मी परत विचारणार आहे. फार तर ओझं होईन.