बॅग पुण्याला गेलीच नव्हती

अमेरिकेत पार्सिपनीला असताना, दोन हजार पाचच्या दिवाळीत, तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात माझी एक गोष्ट छापून आली आणि तिच्यापायी मी मंडळच सोडलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

लेक तेव्हा सात वर्षांची. लायब्ररीतून तिच्यासाठी डेन्मार्कच्या त्या लेखकाच्या परीकथा आणायचे. त्याच्या गोष्टींत घरातल्या साध्या वस्तू बोलतात, कुरकुरतात, प्रेमात पडतात आणि शेवटी खुशाल मोडतात. कुणी धावून येत नाही. आपण कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय जागचे उठत नाही; हा बाबा मुलांना खरं ते सांगून मोकळा. मला तसं लिहायचा धीर आला तो त्याच्यामुळे.

त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात माझे वडील गेले होते. आमच्या व्हिसाचे कागद अडकलेले. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. भरलेली बॅग तीन दिवस दाराशी उभी होती, मग मीच ती रिकामी केली. हे मी कुणाशी बोलले नाही. बॅगेलाच बोलायला लावलं. गोष्टीत ती रोज दाराला विचारते, "निघायचं का?" आणि शेवटी बेसमेंटमध्ये तिला बुरशी चढते. संपलं.

अंक हातात आला तर माझी बॅग विमानात बसलेली. पुण्याला पोचली, आजोबांनी उघडली, आतून खाऊ निघाला. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: धीराचं फळ गोड.

संपादक काकांना फोन केला.

"अगं, दिवाळी अंक आहे, त्यात अशुभ कशाला? मुलं वाचतात. मी जरा गोड केलं इतकंच."

"काका, दुसऱ्याच्या आमटीत गूळ घालायचा तर आधी विचारतात."

ते हसले. "फार तापट बुवा तू."

तोंडात आलेलं सगळं मी गिळलं, का तर ते वडीलधारे. त्यांच्यापेक्षा माझा मलाच जास्त राग येतो तो याचा. वडील माझे गेले होते, आणि ह्या माणसाने त्यांना परस्पर जिवंत करून खाऊ भरवला.

अंक मी कपाटावर टाकला होता. लेकीने तो खुर्ची लावून काढला. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली अक्षरं जुळवत तिने स्वतः वाचलेली ही पहिली मराठी गोष्ट. अख्खी दुपार लागली तिला. मग स्वयंपाकघरात आली.

"सो द बॅग वेन्ट," ती म्हणाली. "देन व्हाय डिडन्ट यू गो, आई?"