ब्रेकवर ठेवलेली वीट

मित्रहो, आज दुपारी गाडीच्या ब्रेकलाइटचं काम संपवलं. सांगाले घरात कोणी नाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

माही गाडी पन्नासच्या दशकातली, दोन सीटची, फायबर बॉडीची. लोखंडी गाडीत करंट बॉडीतूनच बॅटरीकडे वापस जातो. फायबरमधून तो जात नाई, म्हणून दिव्याले अर्थिंगची वेगळी वायर लागते. तीच खराब झाली होती. ब्रेकलाइट विझल्यासारखा पेटे.

आमच्या किन्हीराजातला शेजारी प्रल्हाद कुंपणावरून म्हणे, "भाऊ, अर्थिंग कमी पडत असन त अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाक ना! माह्या मोटारपंपाले मी तेच करतो."

"अबे, गाडीले खड्डा कुठून आणू?"

तो हसला. तेवढ्यात शेतातली लाइन आली आन तो हरभऱ्याले पाणी द्याले पळाला.

मंग मी डिक्कीत अर्धा शिरून बोल्ट खोलला. वायरची तांब्याची रिंग हिरवी पडली होती. ती फेकली आन नवी जाड वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली.

आता दिवा पाहाचा कसा? पहिले मी ब्रेक दाबत होतो आन माही बायको मांगं उभी राहून "लागला!" म्हणे. ती वारल्यानंतरचं हे पहिलंच काम.

शेवटी पेडलवर वीट ठेवली आन मांगं गेलो. दिवा असा लागला की गोठ्याची भिंत लाल झाली.

"लागला!" सवयीनं मीच जोरात ओरडलो. ड्रायव्हरच्या सीटवर ऐकाले कोणी नव्हतं.

तुमच्या गाडीच्या मांगं कोण उभं राह्यते?